डॉक्टर शोधण्याआधी यादी करा

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलाकडच्या एका गावातून आलाय. विचारणारे गृहस्थ तरुण मंडळाचे आहेत. गावात पंचवीस-तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी वयोमानाने तो बंद केला. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर आहे आणि दुपारनंतर तिथे डॉक्टर भेटतीलच असं नाही. मंडळाकडे नि देवस्थान कमिटीकडे मिळून चार लाख रुपये आहेत. त्यातून दोन खोल्यांचा दवाखाना बांधून एमबीबीएस डॉक्टर आणावा, की जुनी रुग्णवाहिका घ्यावी, असं त्यांनी विचारलंय.

तुमचा प्रश्न वाचून मी थोडा ओशाळलो. तुमच्या डॉक्टरांनी दवाखान्याला जसं कुलूप लावलं तसंच मीही लावलंय. बेळगाव-खानापूर पट्ट्यात एकतीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काढली. माझी जागा घ्यायला दुसरा डॉक्टर आला नाही. तेव्हा पुढे जे लिहितोय ते गुन्हेगाराच्या जबानीसारखं समजा.

इमारत बांधू नका. गावाने वर्गणी काढून बांधलेले तीन दवाखाने मी पाहिलेत. एकात आज रेशनची पोती आहेत, दुसऱ्यात गणपती मंडळाचा मांडव ठेवतात. तिसऱ्यात डॉक्टर आला होता. आठ महिने टिकला. उद्घाटनाला सगळा गाव होता, नवव्या महिन्यात त्याचं सामान टेम्पोत भरायला मात्र मी आणि त्याचा मेव्हणा असे दोघेच. भिंती चांगल्या होत्या, छप्पर गळत नव्हतं. पण डॉक्टर भिंतींवर जगत नाही.

तो कशावर जगतो ते हिशेबाने सांगतो. तुमच्यासारख्या गावात अठराशे लोकवस्ती धरू. त्यातले तिशीच्या वरचे नऊशे धरा. माझ्या अनुभवात या वयाच्या चारात एकाला तरी रक्तदाब किंवा साखर असते, म्हणजे ढोबळमानाने दोनशे माणसं. ही दोनशे माणसं महिन्यातून एकदा जरी दाब मोजून गोळ्या न्यायला आली तरी रोजचे आठ पेशंट ठरलेले. शंभर रुपये फी धरली तर महिन्याला वीस हजार. शेजारच्या दोन-तीन वाड्या जोडल्या की हाच आकडा दुप्पट होतो. वर ताप, खोकला, जखमा, लेकरं. एवढ्यात तरुण डॉक्टर श्रीमंत होणार नाही, पण कंपाउंडरचा पगार आणि पेट्रोल निघून घर चालेल.

उलट साथीच्या तापावर दवाखाना चालत नाही. आषाढ-श्रावणात रांग लागते आणि शिमग्यानंतर माशा मारत बसायची पाळी येते. तुमच्या नव्या डॉक्टरला पहिल्या उन्हाळ्यातच कळतं की गावाला आपली गरज नाही. खरं तर गरज असते. ती दोनशे माणसं गावातच असतात, फक्त कोणाच्या खिजगणतीत नसतात. मेडिकलमधून जुनी पट्टी दाखवून गोळ्या घेतात, पट्टी संपली की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबतात आणि थेट तोंड वाकडं झालं की बेळगावला जातात.

म्हणून माझं उत्तर असं की डॉक्टर शोधण्याआधी यादी करा. गावातल्या तिशीवरच्या प्रत्येकाचा दाब आणि साखर मोजली गेली पाहिजे. ज्याचा दाब दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला त्याचं नाव यादीत. साखरवाले यादीत. दमेकरी, फिटवाले, गरोदर बायका आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, हेही सगळे यादीत. ही यादी हातात घेऊन एखाद्या डॉक्टरकडे गेलात तर तुमच्या बोलण्याला वजन येईल. ‘आमच्याकडे या, सेवा करा’ हे ऐकून त्याचे कान किटलेत. ‘आमच्याकडे दोनशे अकरा माणसं आहेत, ती दर महिन्याला येतील, त्यांची वही तयार आहे’ असं त्याला आजवर कोणी सांगितलेलं नसतं.

ही कल्पना माझी नाही. वेल्समधल्या ग्लिनकोरुग नावाच्या कोळसा खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डॉक्टर होता. जो येईल त्यालाच तपासायचं, हा धंद्याचा रिवाज त्याने मोडला. जे येत नाहीत त्यांनाही गाठून गावातल्या सगळ्यांचे दाब मोजले. १९७१ साली त्याने लिहून ठेवलं की चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे जास्त गरज, तिथेच ती कमी मिळते. हे समजायला वेल्सला जायला नको. बेळगाव शहरात १९६३ पासूनचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, प्रत्येक अवयवाचा वेगळा तज्ज्ञ आहे. चोर्ल्याच्या रस्त्याने निघा, जांबोटी ओलांडून कणकुंबीपर्यंत या, म्हणजे हार्ट काय म्हणत होता ते कळतं.

आता वही. यादीपेक्षाही हिचा मी जास्त आग्रह धरीन, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. पहिली बारा वर्षं मी पेशंटची सगळी माहिती माझ्या डोक्यात आणि माझ्या कार्डांवर ठेवली. मग माझंच ऑपरेशन झालं, दोन महिने घरी बसलो. बदली डॉक्टरकडे माझा एक जुना पेशंट गुडघे दुखतात म्हणून गेला. त्याची हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ राहण्याची वॉरफरिन चालू. हे मला पाठ होतं, पण त्या डॉक्टरला कुठून ठाऊक असणार? पेशंटही बोलला नाही. त्याच्या मते ती ‘नेहमीची गोळी’, तिचा गुडघ्याशी काय संबंध? वेदनाशामक मिळालं, चौथ्या दिवशी काळी शौचाला झाली, म्हणजे पोटात रक्तस्राव. वाचला. पण कामावर परतलो त्या दिवसापासून प्रत्येकाला शाळेची चाळीस पानी वही घ्यायला लावली, आणि ती पेशंटच्या घरी राहील असं ठरवलं.

पहिल्या पानावर नाव, वय, घरच्या एकाचा फोन, जुने आजार, झालेली ऑपरेशनं, कोणतं औषध सोसत नाही, आणि चालू गोळ्यांची मूळ नावं. कंपनीचं नाव नव्हे, मूळ नाव. पुढच्या पानांवर तारीख, दाब, वजन, साखर, काय बदललं. एवढंच.

मूळ नाव कशासाठी ते सांगतो. आपल्या भागातला पेशंट चार दिशांना जातो. निपाणीचा कोल्हापूरला, कागवाड-अथणीचा मिरजेला, संकेश्वरचा गडहिंग्लजला, खानापूरचा बेळगावला किंवा सरळ गोव्याला. कागद मात्र एकाच प्लास्टिक पिशवीत साचत जातात. एका आजींच्या पिशवीत मला एकाच अम्लोडिपिनच्या दोन पट्ट्या सापडल्या, दोन शहरांतल्या दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेल्या. आजी दोन्ही खात होत्या. त्या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते, डबल घेतली तर जास्त. सूज बघून तिसऱ्याने लघवीची गोळी दिली. मग रात्री चार वेळा उठणं, अंधारात परसाकडं जाणं, चक्कर, आणि एके रात्री खुब्याचं हाड मोडलं. यातला एकही डॉक्टर वाईट नव्हता. तिघांनीही समोर दिसलं त्यावर ठीकच औषध दिलं. आजींना चौथा माणूस हवा होता, पिशवी रिकामी करून बघणारा. फॅमिली डॉक्टर म्हणजे तोच हो.

तोच माणूस वर्षानुवर्षं भेटत राहण्याला किती किंमत आहे, हे नॉर्वेत मोजून झालंय. तिथे प्रत्येकाच्या नावावर एक फॅमिली डॉक्टर नोंदलेला असतो. सुमारे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ तोच होता त्यांचं तातडीने दवाखान्यात भरती होणं आणि मृत्यूही, नुकताच डॉक्टर बदललेल्यांच्या तुलनेत पाव हिश्श्याने तरी कमी. तिथल्यासारखी नोंदणी आपल्याकडे व्हायला आपली नातवंडं म्हातारी होतील. पण वही आजच्या आज होते, आणि डॉक्टर बदलला तरी ती बदलत नाही.

आता त्या नऊ किलोमीटरवरच्या केंद्राकडे येऊ. त्याला शिव्या देणं सोपं आहे, मीही भरपूर दिल्यात. पण थोडं आतून बघा. ठरलेल्या निकषाने सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र, आणि पाच किंवा तीन हजारांमागे एक उपकेंद्र. हा निकष डोकी मोजतो, मधले ओढे मोजत नाही. तिथला डॉक्टर तालुक्याच्या बैठकांना जातो, शिबिरांना जातो, लसीकरण बघतो. शिवाय तो बहुधा नवा असतो. कर्नाटकात डॉक्टरांच्या वर्षभराच्या सक्तीच्या सेवेचा कायदा २०१२ साली झाला, त्यातून पोरं येतात. चांगली असतात, वर्ष संपलं की पुढच्या परीक्षेच्या तयारीला जातात. दरवर्षी नवा चेहरा. त्याला दोष देऊन काय उपयोग? टिकून असतात त्या सिस्टर आणि आशा. त्यांना धरा.

तुमच्या जवळच्या उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असा फलक असेल. २०१८ पासून या उपकेंद्रांची आरोग्य व कल्याण केंद्रं व्हायला लागली आणि २०२३ मध्ये नाव बदललं. तिथे सीएचओ असतात, म्हणजे नर्सिंग शिकून समुदाय आरोग्याचं जादा प्रशिक्षण घेतलेल्या. तिशीवरच्यांचा दाब-साखर तपासणं हे त्यांचं नेमून दिलेलं कामच आहे, आशा घरोघरी जो फॉर्म भरून नेते तो त्यासाठीच. ई-संजीवनीवरून त्या डॉक्टरशी व्हिडिओवर गाठ घालून देऊ शकतात. म्हणजे मी म्हणतो ती यादी करायला तुम्हाला नवीन यंत्रणा नको. सीएचओला महिन्यातला एक दिवस मागा, देवळाचा सभामंडप द्या, खुर्च्या मांडा, माणसं बोलावून आणायचं काम मंडळाने घ्या. तिचं निम्मं ओझं माणसं गोळा करण्याचंच असतं. ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती तुमच्या गावात कागदावर असणारच, तिच्यासाठी वर्षाला दहा हजारांचा निधी ठरलेला आहे. अध्यक्ष कोण आहे ते एकदा विचारा. मी एका गावात विचारलं तर अध्यक्षबाईंनाच आपण अध्यक्ष असल्याचं माहीत नव्हतं.

दाबाच्या, साखरेच्या साध्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळायला हव्यात. दहा दिवसांच्या दिल्या तर नम्रपणे तीस दिवसांच्या मागा. दर दहा दिवसांनी मजुरी बुडवून कोणी येत नाही. पुरुष तर येतच नाहीत. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून माझ्याकडे दूरच्या वाड्यांवरच्या बायका जास्त दिसायला लागल्या, पण त्यांचे नवरे नाहीत. तपासणीचा दिवस धरताना हे लक्षात ठेवा. पुरुषांसाठी डेअरीवर दूध घालायच्या वेळी, सकाळी सातला मोजा. अंगात बनियन असली तरी दाब मोजता येतो.

भाषेबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. सीएचओ विजयपूर-बागलकोटकडची असेल, तिला मराठी येत नसेल, आणि तुमच्या आजीला कन्नड जेमतेम बाजारापुरतं. दोघीही चांगल्या, मधे शब्द पडतात. आमच्याकडे एक बाई सांगत होती, ‘जीव घाबरा होऊलालाय.’ मधल्या माणसाने कन्नडात सांगताना ‘अंजिके’ म्हटलं, म्हणजे भीती. भीतीची म्हणून झोपेची गोळी मिळाली. बाईची साखर उतरत होती. कन्नडातलं ‘सुस्तु’ म्हणजे थकवा, गळाठा. आपल्याकडे सुस्ती म्हणजे आळस, त्यामुळे सून म्हणते सासूबाई कामचुकार आणि सिस्टर म्हणते रक्त कमी. ‘मात्रे’ म्हणजे साधी गोळी, पण आमच्या म्हाताऱ्यांना मात्रा म्हटली की वैद्याची उगाळून द्यायची मात्रा आठवते. एकाने खरंच गोळी सहाणेवर उगाळली होती. यावर उपाय म्हणून गावातल्या कन्नड माध्यमात शिकलेल्या दोन मुलींना घेऊन एका कागदावर चाळीस शब्द दोन्ही भाषांत लिहून काढा. कळ, चमक, जळजळ, धाप, मुंग्या, भोवळ, जेवणाआधी, जेवणानंतर, अनशापोटी. तो कागद सीएचओच्या टेबलाच्या काचेखाली जाऊ दे. सीमाप्रश्न दवाखान्याच्या दारात चपलांशेजारी काढून ठेवावा, परत जाताना पायात घालता येतो.

योजनांचंही तसंच. महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली, पेपरात रकाने भरले. कर्नाटकाचं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्ड आहे, त्यात बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. दोन्ही कामाच्या आहेत, पण दोन्ही भरती झाल्यावरच्या. रोजची दाबाची गोळी यातून येत नाही. म्हणजे लकवा झाला की पैसे आहेत, लकवा टाळायला नाहीत. कार्डाबाबत एवढं नक्की करून ठेवा, की आधार, रेशन कार्ड आणि आरोग्य कार्डावर नाव एकच आहे. मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत जाताना एकाच ज्ञानेश्वराचे तीन ज्ञानेश्वर होतात, आणि ते आधी कळत नाही, बिलाच्या दिवशी कळतं. तातडीचं नसेल तर मोठ्या खासगी दवाखान्यात कर्नाटकाच्या योजनेतून जायला सरकारी दवाखान्याची चिठ्ठीही लागते. त्या केंद्राशी संबंध चांगले ठेवायला हेही एक कारण.

एमबीबीएसच हवा का? मिळाला तर उत्तम. पण आपल्या खेड्यांत आयुर्वेद, होमिओपॅथीवालेच वर्षानुवर्षं दवाखाने धरून बसलेत, तुमचे जुने डॉक्टरही बहुधा त्यातलेच. मी दोन गोष्टी बघतो. पहिली, २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची नोंदणी भिंतीवर आहे का. आपण लोक तिला केपीएमई म्हणतो. दुसरी, ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही’ असं त्याला वेळेवर म्हणता येतं का. डॉक्टर कळायला एक सोपी खूण सांगतो. साध्या सर्दी-तापाला सलाईन लावत नाही तो ठेवा. अडचण अशी की असल्या डॉक्टरला गावच टिकू देत नाही. ‘सुईबी मारली नाही आणि शंभर घेतले’ हे वाक्य मी पारावर स्वतः ऐकलंय, माझ्याबद्दल. मंडळाला खरोखर काही करायचं असेल तर हे काम इमारतीपेक्षा अवघड आहे, ते अंगावर घ्या.

सुरुवातीला डॉक्टर मुक्कामाला मागू नका. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस मागा, पाऊस असो, जत्रा असो. तिशी-पस्तिशीतला, खानापुरात किंवा बेळगावात राहणारा, मुलं शाळेत असलेला डॉक्टर दोन दिवस येईल. मुलांची शाळा सोडून तुमच्याकडे राहायला येणार नाही, मीही आलो नसतो. रिकामी खोली फुकट द्या, वीज-पाणी द्या. आणि उधारी ठेवू नका. माझ्या उधारीच्या तीन वह्या अजून घरात आहेत. पैशाचं सोडा, पण ज्याची उधारी थकली तो लाजेने दवाखान्यात यायचाच बंद होतो, आणि त्याची साखर वाढत राहते. अगदी गरिबांची फी मंडळाने महिन्याच्या महिन्याला भरावी, डॉक्टरला नाव न सांगता. चार लाखांतले पन्नास हजार एवढ्यासाठी बाजूला काढले तरी बराच काळ पुरतील.

राहिली रुग्णवाहिका. घेऊ नका. तिला ड्रायव्हर लागतो, विमा लागतो, आणि ज्या रात्री हवी त्या रात्री बॅटरी उतरलेली असते. त्यापेक्षा गावातल्या चार गाड्यांची पाळी लावा, खानापूरचं आणि बेळगावचं भाडं आधीच ठरवून फलकावर लिहा, भाडं मंडळ देईल आणि घरचे नंतर भरतील असं करा. १०८ ला फोन करायचाच, पण तुमच्याकडे रेंज कुठे येते ती जागा प्रत्येक घराला माहीत हवी. भीमगडच्या जंगलातल्या गावांतून आजही पावसात माणसं खांद्यावरून आणावी लागतात. तुमची वाट त्याहून बरी असली तरी जुलैत ओढ्यावर पाणी येतंच. म्हणून ज्या बायकांचे दिवस जून ते सप्टेंबरमध्ये भरतात त्यांची नावं मेमध्येच यादीतून काढा आणि शेवटचे दोन आठवडे ओढ्याच्या दवाखान्याकडच्या बाजूला, कोणा नातलगाकडे ठेवा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. मोडलेल्या हाडासारखा तो हातपाय फळीने स्थिर करायचा, माणसाला चालवायचं नाही आणि पाळीच्या गाडीत घालायचं. सापाची लस आज कोणत्या केंद्रात आहे हे मे महिन्याच्या शेवटी स्वतः जाऊन, कपाट उघडायला लावून बघून या. फोनवर सगळेच ‘आहे’ म्हणतात.

पहिल्या तपासणीला दाब मोजायची दोन चांगली यंत्रं लागतील, दंडाला बांधायची घ्या, मनगटाची नकोत. जाड दंडासाठी मोठा पट्टाही वेगळा मागून घ्या, नाहीतर आमच्या पैलवानांचा दाब उगाच वाढलेला दिसतो. आणि वह्या एकदम तीनशे घ्या. घाऊक बाजारात स्वस्त पडतील.